तासमास्तरांची विद्यार्थी-सवलत

गणिताच्या बाई आणि चित्रकलेचे सर गुरुवारी एकाच तासाला मोकळे झाले आणि पडद्यावरचा चौकोन लालभडक झाला. तासमास्तरांनी चित्रकलेच्या सरांना तिथून उचलून सातवी ‘ब’मध्ये टाकायला बोट पुढे केलं, तेवढ्यात संगणकाने एक लांब सुस्कारा सोडला आणि पडदा काळा झाला. मास्तरांनी बटण दाबलं. मग जोरात दाबलं. मग वर्गातल्या झोपाळू मुलाला द्यायचे तशी त्याच्या पाठीत एक थाप दिली. संगणक जागा झाला नाही.

“गेला वाटतं,” बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. “मी केव्हाची सांगतेय, त्याचा आवाज—”

“तापलाय नुसता.”

“तापलाय कारण त्याचा पंखाच—”

“माझी चप्पल कुठाय?” मास्तर म्हणाले, आणि संगणक बगलेत मारून निघालेसुद्धा.

तासमास्तर हे नाव मुलांनी ठेवलेलं होतं आणि ते नोकरी संपली तरी संपलं नव्हतं. शाळेचं वेळापत्रक करावं तर त्यांनीच, असा लौकिक होता. निवृत्त झाल्यावरही शाळा उघडायच्या आधी ते काम त्यांच्याकडेच यायचं. कोणत्या बाईंना जेवणानंतर लगेच तास दिला की डुलकी लागते, कवायतीनंतर कोणत्या वर्गाला भूगोल सहन होत नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. गणिताच्या बाई आणि चित्रकलेचे सर यांना एका वेळी शिक्षकांच्या खोलीत मोकळं सोडायचं नाही, हेही त्यांच्याच डोक्यात होतं. त्या दोघांचं लग्न ठरून मोडलेलं होतं आणि ही गोष्ट शाळेत मास्तरांशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. त्यांनी एवढ्या वर्षांत ती तोंडातून काढली नव्हती, फक्त वेळापत्रकात पाळली होती.

एवढा सगळ्यांचा विचार करणाऱ्या माणसात एकच खोड होती. त्यांना दुसऱ्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत धीर निघत नसे. वर्गात मुलाचं उत्तर अर्धं झालं की ते बरोबर जाणार की चुकणार हे त्यांना कळायचं, मग उरलेलं कशाला ऐका? ती सवय घरी आली, बाजारात गेली आणि हाडीमाशी मुरली. त्यांच्या घरात बायकोची कितीतरी वाक्यं मधेच तुटून पडलेली होती.

आणि या वर्षी तर त्यांचा जीव मुळीच थाऱ्यावर नव्हता. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर शाळेत नवीन मुख्याध्यापिका आल्या होत्या. एक कळ दाबली की वेळापत्रक तयार करणारा कुठलासा प्रोग्रॅम त्यांनी मागवला आहे, अशी कुजबुज मास्तरांच्या कानावर आली होती. सोमवारी शाळा उघडणार. वेळापत्रकाला एकदा जरी उशीर झाला तरी बाईंना निमित्त मिळेल आणि हे काम हातचं जाईल, हे मास्तरांना दिसत होतं. काम गेलं की मग सकाळी उठून दाढी कशासाठी करायची, हा प्रश्न त्यांना आतल्या आत कुरतडत होता.

संगणकवाल्याने यंत्राचं झाकण उघडून आत डोकावलं आणि मान हलवली. “सर, आता ह्यात काही—”

“दुसरा द्या.”

“नवीन देऊ, की वापरलेला पण—”

“वापरलेला. चालू असला म्हणजे झालं.”

“चालू आहे. जुन्यातलं तुमचं सगळं काम काढून ह्यात टाकतो. पण हा कोरा आहे हं सर. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम आणि ऑफिसचं सॉफ्टवेअर तुम्हाला वेगळं—”

“द्या की मग.”

संगणकवाल्याने किंमत सांगितली. मास्तर दुकानात आल्यापासून पहिल्यांदाच स्टुलावर बसले.

“एवढ्यात तर मी वेळापत्रक कागदावर करीन!” ते म्हणाले, पण कागद लाल होत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. दोन तास एकमेकांवर चढले की लाल होणारे ते चौकोन त्यांनी स्वतः बसवले होते, आणि त्या चौकोनांशिवाय आता मास्तरांचं पान हलत नव्हतं.

“मी असंच टाकून देतो ना,” संगणकवाला आवाज खाली आणून म्हणाला. “सगळे तसंच करतात. दुसऱ्याकडून घ्यायचं आणि सरळ कॉपी—”

मास्तर ताडकन उठले. “कॉपी? अरे, आयुष्यभर पोरांच्या बाह्यांतून चिठ्ठ्या काढल्या मी! आता मीच कॉपी करू?”

“बरं, मग शेजारच्या कुणाच्या मुलाचं नाव घाला. सवलतीत मिळेल. निम्म्याहून कमी किंमत.” त्याने आपला पडदा मास्तरांकडे वळवला. “हे बघा. विद्यार्थी आणि—”

“विद्यार्थी! बस्स, कळलं. पण शेजाऱ्याचं पोर नको. ती खोटी हजेरी झाली. विद्यार्थी ठरायला काय लागतं?”

“संस्थेचा ईमेल पत्ता लागतो. पण सर, पुढचं ऐका तरी. विद्यार्थी आणि—”

“वयाची अट आहे का?”

“वयाची नाही, पण तुम्हाला तर—”

“मग झालं तर!” मास्तर पायऱ्या उतरलेसुद्धा. संगणकवाला पडद्यावर बोट ठेवून तसाच उभा राहिला.

मास्तरांचा हिशेब सरळ होता. खोटं बोलायचं नाही आणि सवलत सोडायची नाही, तर माणसाने खराखुरा विद्यार्थी व्हावं. एवढा साधा मार्ग लोकांना सुचत कसा नाही, याचं नवल करत ते संध्याकाळचे वर्ग चालवणाऱ्या संस्थेत पोहोचले. शिवणकाम भरलं होतं, पाव-बिस्किटांचा वर्ग भरला होता, विजेच्या दुरुस्तीचाही भरला होता. प्रवेशाच्या टेबलामागे एक उंच, ताठ बाई बसल्या होत्या. त्यांच्या गळ्यात फितीला अडकवलेली कात्री होती. मास्तरांनी मनातल्या मनात त्यांचं नाव कात्रीबाई ठेवून दिलं.

“कोणता वर्ग हवाय?”

“कोणताही.”

“कोणताही म्हणजे?”

“ज्यात ईमेल मिळतो तो.”

“ईमेल सगळ्यांनाच मिळतो. जागा मात्र एकाच वर्गात आहे. केशरचना. मीच शिकवते.” बाईंची नजर सावकाश मास्तरांच्या डोक्याकडे गेली. तिथला केसांचा तास केव्हाच संपला होता, कानांच्या वर थोडी मधली सुट्टी तेवढी उरली होती. “आवड आहे तुम्हाला?”

“फार.”

“नियम सांगते. रोज संध्याकाळी हजेरी. एकदा जरी न सांगता दांडी मारलीत तर—”

“मान्य.”

“प्रात्यक्षिकाला ज्याचं त्यानं डोकं—”

“मान्य, सगळं मान्य. ईमेल कधी मिळेल?”

“पहिल्या हजेरीनंतर,” कात्रीबाई म्हणाल्या आणि त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या.

पहिल्या संध्याकाळी कंगवा कसा धरायचा एवढंच शिकवलं. बाकीचे सगळे आधीच कुठे ना कुठे दुकानात हात मारत असलेले, ते निवांत होते. मास्तरांची मात्र बाकावर चुळबुळ चालली होती. कंगवा त्यांनी डाव्या हातात धरला, उजव्या हातात धरला, मग पेन्सिलीसारखा कानावर अडकवला.

“पुढे?” त्यांनी विचारलं.

“पुढे उद्या.”

“तोवर कात्री दाखवून ठेवा.”

“कात्रीला घाई चालत नाही,” कात्रीबाई म्हणाल्या. “हात थांबायला शिकला की मगच कात्री.”

घरी येईपर्यंत ईमेल आला होता. संगणकवाल्याने वापरलेला संगणक घरी आणून त्यात तो घातला, सवलत मिळाली, ऑपरेटिंग सिस्टिम आली, ऑफिस आलं, आणि मास्तरांचे चौकोन पुन्हा पडद्यावर उघडले. गणिताच्या बाई आणि चित्रकलेचे सर गुरुवारी अजून एकाच खोलीत बसून होते. मास्तरांना अगदी भरून आलं.

“मी विद्यार्थी झालो,” त्यांनी बायकोला सांगितलं.

“कसले?”

“केशरचनेचा.”

बायको हसता हसता खुर्चीवर बसली. डोळे पुसत म्हणाली, “अहो, पण तिथलं सगळं नीट वाचलंत का? तुम्हीच पोरांचे गुण कापायचात ना, प्रश्न पूर्ण—”

“वाचलं, वाचलं,” मास्तर म्हणाले आणि पडद्याकडे वळले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आठवीचं विज्ञान ऐन रंगात आलं होतं, त्यामुळे ते वर्गाला गेले नाहीत. कंगवा धरता येतो, आता आणखी काय शिकायचं! तिसऱ्या दिवशीही गेले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी ते चित्रकलेच्या सरांना उचलायला गेले तर सर जागचे हलेनात. पडद्यावर एक पट्टी आली होती. तुमचं खातं बंद झालं आहे, तुम्ही हे फक्त पाहू शकता.

मास्तरांनी डोळे फाडून ते पाहिलं. कळा बडवल्या. वेळापत्रक जसंच्या तसं समोर होतं, पण त्यातला एक तास इकडचा तिकडे करता येत नव्हता. आणि गुरुवारचा तो चौकोन लालेलाल होऊन त्यांच्याकडे बघत होता.

“संस्थेनंच ईमेल बंद केलाय,” संगणकवाला फोनवर म्हणाला. “त्याच्यावरच सगळं चालतं ना. पण सर, मी तेव्हाच सांगत होतो, तुम्हाला मुळात विद्यार्थी व्हायची—”

मास्तरांनी फोन ठेवला. ठेवल्याबरोबर तो पुन्हा वाजला. शाळेच्या मुख्याध्यापिका बोलत होत्या.

“सर, वेळापत्रकाबद्दल जरा सांगायचं होतं—”

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. हेच ते वाक्य. हे पूर्ण झालं तर त्याच्या टोकाला तो प्रोग्रॅम बसलेला असणार! “सोमवारी सकाळी तुमच्या टेबलावर!” ते ओरडले.

“अहो, सोमवारचंच म्हणतेय मी. सोमवारी—”

“काळजीच सोडा!” म्हणून त्यांनी फोन आपटला आणि खोलीत येरझाऱ्या घालू लागले. फोन परत वाजला तेव्हा ते न्हाणीघरात जाऊन उभे राहिले. संध्याकाळी परत वाजला, तेव्हा गच्चीवर गेले. मुख्याध्यापिकांचं वाक्य त्यांच्या मागे घरभर फिरत होतं आणि ते त्याला चुकवत होते.

मग ते कात्रीबाईंपुढे जाऊन उभे राहिले. उशिरा आलेलं मूल वर्गाच्या दारात उभं राहतं तसे, आणि हे त्यांच्याही लक्षात आलं.

“बाई, माझा ईमेल—”

“बंद केला. तुम्ही ‘मान्य’ म्हणाला होतात.”

“कशाला?”

“ते तुम्ही ऐकलं नव्हतंत,” कात्रीबाई शांतपणे म्हणाल्या. “शनिवारी संध्याकाळी प्रात्यक्षिक आहे. ते केलंत की त्याच वेळी चालू करते. येताना डोकं घेऊन या.”

“डोकं? ते तर असतंच की!”

“केस असलेलं.”

शनिवार उजाडला. मास्तर सकाळपासून केस असलेलं डोकं शोधत हिंडत होते. पहिला मान त्यांनी घरच्या डोक्याला दिला.

“मुळीच नाही,” बायको म्हणाली.

“टोकं फक्त कापायची आहेत गं.”

“तुमच्या हातात टोकं राहतील का? भाजी चिरतानासुद्धा तुम्ही दुसऱ्या भाजीकडे बघत असता. माझे केस आणि तुमची घाई, नको गं बाई.”

“माझ्या इतक्या वर्षांच्या कामाचा प्रश्न आहे!”

“मग त्या शाळेच्या बाईंशी एकदा धड बोलून का घेत नाही? रोज फोन करतायत बिचाऱ्या. मला वाटतं त्यांना—”

“बोलायला वेळ कुठाय!” मास्तर म्हणाले आणि बाहेर पडले. शेजाऱ्यांनी खिडकीतून त्यांना येताना पाहिलं आणि दार उघडलंच नाही. बातमी आधीच पसरली होती. शेवटी संगणकवाला सापडला. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून तो कसानुसा हसत तयार झाला.

वर्गात एका रांगेत खुर्च्या होत्या आणि समोर लांबच लांब आरसा. संगणकवाल्याच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं गेलं. मास्तरांनी कात्री उचलली. कात्री हातात आल्याबरोबर त्यांच्या बोटांतली सगळी चुळबुळ तिच्यात उतरली आणि ती हवेतल्या हवेत चकाचक चालू लागली. अजून केसाला हातही लागला नव्हता. आरशात आपल्या कानाजवळ चाललेला तो प्रकार पाहून संगणकवाल्याचा चेहरा त्या कापडाच्या रंगाचा झाला.

“सर, हळू जरा. एक सांगू का? ती सवलत—”

“हलू नका!”

“अहो, पण मी दुकानाचं शटर—”

एवढं बोलून तो उठला आणि गळ्यातल्या कापडासकट दाराबाहेर पळाला. जिन्यावर कापड फडफडल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. शेजारच्या खुर्च्यांवरची डोकी हसायला लागली. मास्तर कंगवा आणि कात्री घेऊन रिकाम्या खुर्चीमागे उभे राहिले. आरशात त्यांचं स्वतःचं डोकं चकाकत होतं, आणि ते काही उपयोगाचं नव्हतं.

तेवढ्यात दारात मुख्याध्यापिका उभ्या राहिल्या.

“घरी गेले होते,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “तुमच्या मिसेस म्हणाल्या, इथे सापडाल. सर, मला फक्त एवढंच—”

“तयारच आहे!” मास्तर म्हणाले. ते आता भिंतीला पाठ लावून उभे होते. पळायला न्हाणीघर नव्हतं आणि गच्चीही नव्हती. “अगदी एक चौकोन राहिलाय. लाल आहे, पण होईल—”

कात्रीबाईंनी मुख्याध्यापिकांकडे पाहिलं. खरं म्हणजे त्यांच्या केसांकडे पाहिलं. खांद्याखाली चांगले घसघशीत केस होते. “ह्यांच्या प्रात्यक्षिकाला तुम्हीच का? या, बसा.”

“मी? मी तर बोलायला आलेय. पण हे बोलूच देत नाहीत हो. इतके दिवस एक वाक्य घेऊन ह्यांच्या मागे फिरतेय मी.”

“इथे बसलात तर बोलायला मिळेल,” कात्रीबाई म्हणाल्या. “माझी हमी.”

मुख्याध्यापिका क्षणभर त्या खुर्चीकडे बघत राहिल्या. मग परीक्षेचा ताप सहन केलेल्या बाईच्या निर्धाराने पर्स मांडीवर घेऊन बसल्या. कात्रीबाईंनी त्यांच्या केसांचे भाग पाडून दाखवले आणि मूठभर चिमटे मास्तरांपुढे धरले. “हे दातात धरा. एकेक बट मोकळी करायची, कापायची, चिमटा लावायचा. एक जरी चिमटा तोंडातून खाली पडला तर नापास.”

मास्तरांनी चिमटे दातात धरले. त्या खोलीत आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं तोंड बंद झालं.

“हं,” मुख्याध्यापिका आरशातून त्यांच्याकडे पाहत म्हणाल्या. त्यांनी एक मोठा श्वास घेतला. “सर, सोमवारी शाळा उघडतच नाही. छपराचं काम लांबलंय. शाळा पंधरवडाभर पुढे गेलीय. हेच सांगायला मी फोन करत होते.”

“म्म?” मास्तर म्हणाले.

“चिमटे,” कात्रीबाईंनी आठवण केली.

मास्तरांनी पहिली बट कापली. नखभरच. कात्री बरोबर जागी चालली. इतके दिवस जे वाक्य त्यांनी न्हाणीघरात, गच्चीवर, कुठे कुठे चुकवलं होतं, ते एवढंसंच होतं!

“आणि तुम्ही इथे कसे?” मुख्याध्यापिकांनी विचारलं.

मास्तरांना उत्तर देता येत नव्हतं. ते कात्रीबाईंनी दिलं. “ईमेल मागत आले, म्हणजे सॉफ्टवेअरच्या सवलतीसाठीच. विद्यार्थ्यांना स्वस्तात मिळतं म्हणून.”

“विद्यार्थ्यांना?” मुख्याध्यापिका खुर्चीतल्या खुर्चीत वळायला निघाल्या. “अहो सर, ती सवलत विद्यार्थी आणि शिक्षक, दोघांनाही असते! शाळेचा तुमचा ईमेल अजून चालू आहे. तुमचं नाव मी मुद्दाम ठेवलंय, वेळापत्रकाचं काम तुम्ही करता म्हणून. तोच घातला असता तरी चाललं असतं की!”

कात्री मिटली. नुसती मिटली नाही, कचकन मिटली, आणि मध्ये केसांची एक भलीमोठी बट होती. ती मुख्याध्यापिकांच्या मांडीवरच्या पर्सवर येऊन पडली. वर्गातल्या बाकीच्या कात्र्या एकदम थांबल्या.

विद्यार्थी आणि. विद्यार्थी आणि. संगणकवाला पुन्हापुन्हा सांगत होता. प्रश्न पूर्ण वाचला नाही म्हणून ज्यांचे ज्यांचे गुण मास्तरांनी कापले होते, ती सगळी मुलं त्यांना आरशात ओळीने बसलेली दिसू लागली. चिमटे दातात तसेच होते म्हणून बरं, नाहीतर ते काय बोलले असते कुणास ठाऊक.

मुख्याध्यापिकांनी ती बट उचलून डोळ्यांसमोर धरली. “ही माझी आहे?” त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

“होती,” कात्रीबाई म्हणाल्या. “आता दुसरी बाजूही तेवढीच घ्यावी लागेल. सर, सावकाश. आता तुम्हाला कसलीच घाई नाही.”

ते खरं होतं, आणि मास्तरांना ते फार विचित्र वाटलं. सोमवार नव्हता, उशीर नव्हता. त्यांनी दुसऱ्या बाजूची बट हातात घेतली, दोन्ही बाजू आरशात जोखल्या आणि कापली. मग मागची. खालची कड वरच्या कडेशी भांडणार नाही, एक थर दुसऱ्यावर चढणार नाही, हे ते पाहू लागले. आणि हे काम आपल्याला येतं, हे त्यांच्या ध्यानात यायला लागलं. फक्त एक गोष्ट राहिली होती. प्रोग्रॅमचं विचारायचं होतं. एरवी त्यांनी कधीच विचारून टाकलं असतं. आता त्यांना वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांनी वाट पाहिली.

“आणि तो प्रोग्रॅम,” मुख्याध्यापिका बऱ्याच वेळाने म्हणाल्या.

मास्तरांचा हात हवेत थांबला.

“मागवला होता मी. वार्षिक परीक्षेच्या पर्यवेक्षणाला लावून बघितला. त्यानं गणिताच्या बाई आणि चित्रकलेचे सर एका वर्गावर टाकले. अहो, काय सांगू! खडूचा डबा खिडकीतून बाहेर, चित्रकलेचे सर रजेवर आणि बाई प्रयोगशाळेत रडत बसलेल्या. दोघंही कारण सांगेनात. मी प्रोग्रॅमला म्हटलं, बाबा, या दोघांना एकत्र टाकू नकोस. तर तो म्हणतो, कारण निवडा. आणि त्याच्या कारणांत मला हवं ते कारणच नाही! मग तुमची जुनी वेळापत्रकं काढली. इतक्या वर्षांत ती दोघं एकदासुद्धा एकत्र नाहीत. एकदाही नाही, सर. मी दुसऱ्याच दिवशी तो परत पाठवला.” त्या आरशातून त्यांच्याकडे पाहत होत्या. “कारण काय ते मला सांगू नका. पण वेळापत्रक तुम्हीच करत जा.”

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले आणि आरसा धूसर झाला. कात्री त्यांनी आपणहून बाजूला ठेवली, धूसर डोळ्यांनी कापायचं नाही एवढं त्यांना आता कळत होतं. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी शेवटचा चिमटा तोंडातून काढला आणि लावला.

कात्रीबाईंनी खुर्चीभोवती एक फेरी मारली. “कापलेत जास्त. पण सगळीकडे सारखे कापलेत. पास.”

मुख्याध्यापिकांनी डोकं इकडून तिकडे हलवून पाहिलं. केस आता जेमतेम मानेपर्यंत होते. त्यांनी मानेवरून हात फिरवला. “घरात कुणी ओळखणार नाही,” त्या म्हणाल्या, आणि जरा थांबून, “पण हलकं वाटतंय. एक तर केस गेले, आणि एक तर ते वाक्य गेलं.”

त्या गेल्यावर मास्तर कात्रीबाईंकडे वळले. आता शिक्षकांची सवलत होती, शाळेचा ईमेल होता, विद्यार्थी राहण्याचं कारण उरलं नव्हतं. “बाई, तुमचे आभार. त्याचं असं आहे, की आता उद्यापासून मी—”

“उद्या सुट्टी,” कात्रीबाई म्हणाल्या. “सोमवारी कुरळे केस. वेळेवर या.”

आणि त्या कात्री सावरत निघून गेल्या. मास्तर अर्धं वाक्य तोंडात घेऊन तिथेच उभे राहिले. अर्ध्या वाक्याची चव कशी असते, ते त्यांना तोवर माहीत नव्हतं. सोमवारी ते वेळेवर गेले.

त्याआधी, रविवारी सकाळी, त्यांनी शाळेच्या ईमेलवर सगळं सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करून घेतलं आणि चित्रकलेच्या सरांना गुरुवारच्या त्या तासातून अलगद उचलून सातवी ‘ब’मध्ये ठेवलं. लाल चौकोन पांढरा झाला. मास्तर नुसते त्याच्याकडे बघत बसले. शेजारच्या खोलीत फोन वाजला आणि तो बायकोने घेतला. मुख्याध्यापिका होत्या. आदल्या संध्याकाळची सगळी हकीकत त्यांनी सुरुवातीपासून सांगितली.

“म्हणजे चिमटे तोंडात होते तोवर हे गप्प होते?” बायकोने विचारलं. “आणि सगळं ऐकून घेतलं?”

पलीकडून उत्तर आलं.

“शेवटपर्यंत?”

पुन्हा उत्तर आलं. बायकोने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, “किती चिमटे होते हो?”

त्या संध्याकाळी तिने गॅलरीत खुर्ची मांडली, खांद्यावर टॉवेल घेतला, केस मोकळे सोडले आणि मास्तरांना हाक मारली. “अहो, टोकं कापून द्या. सरावच होईल तुम्हाला.” मास्तर अगदी खुलून कात्री घेऊन आले. तिने चिमट्यांची मूठ स्वतःच्या हाताने त्यांच्या तोंडात दिली, पुढे तोंड करून बसली आणि शांतपणे म्हणाली, “तर त्या संगणकाचा आवाज येत होता ना, तेव्हा मी काय सांगत होते...”

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी ती गॅलरीत खुर्ची मांडते. पंख्याचं वाक्य पूर्ण झालं, मग गळक्या नळाचं, मग तिच्या बहिणीकडे जायचं राहिलं होतं त्याचं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तिला काहीतरी म्हणायचं होतं, तेही परवा एका कानामागची बट कापता कापता झालं, आणि मास्तरांना कात्री थोडा वेळ खाली ठेवावी लागली. तिचे केस आता फारसे उरलेले नाहीत. पण वाक्यं अजून बरीच आहेत.